बाईंची होमप्लेस

त्यांच्याकडून भेंडी घ्यायची तर आधी गोष्ट ऐकावी लागे. नुसती ऐकून भागत नसे, ती त्यांना परत सांगावी लागे.

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आम्ही नवे होतो तेव्हाची ही हकिकत. नवरा सकाळी गाडी काढून टेक पार्कमधल्या ऑफिसात जायचा, मुलगी शाळेत जायची, आणि माझ्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. शनिवारी एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये शेतकऱ्यांचा बाजार भरे. मधाच्या बाटल्या, घरी केलेले साबण, फुलांचे गुच्छ, असं सगळं ओलांडून गेलं की अगदी शेवटी एक जुना पिकअप ट्रक उभा असे. त्याचं मागचं फळकूट पाडून त्यावर भेंडी, चवळीच्या शेंगा आणि रताळी मांडलेली असत. शेजारी प्लास्टिकच्या दोन पांढऱ्या खुर्च्या. एका खुर्चीत त्या, दुसरी रिकामी.

उंच, ताठ, रुंद खांद्यांच्या त्या आफ्रिकन-अमेरिकन बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. डोक्यावर वडिलांची तपकिरी फेल्ट हॅट, कानांत मोती, पायांत मातीने भरलेले रबरी बूट. त्यांचा हा वेश कधी बदलला नाही. चर्चला जाताना फक्त बूट बदलत.

मी भेंडी मागितली तेव्हा त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मला वाटलं, भेंडी निवडून व्हायची असेल. बसले. त्यांनी हॅट जरा मागे सरकवली आणि विचारलं, "ही भेंडी कुणाच्या जमिनीत झाली, ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "तुमच्या."

"माझ्या नाही. ऐक, बेबी."

त्या सगळ्यांनाच बेबी म्हणत. बँकेच्या मॅनेजरला, पाळकांना, माझ्या नवऱ्याला.

त्यांचे पणजोबा जन्माला आले ते दुसऱ्याची मालमत्ता म्हणून. गुलामी संपली तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. दुसऱ्यांच्या तंबाखूच्या शेतांत आणि लाकडाच्या वखारीत राबून त्यांनी ओढ्याकाठचा एक कोपरा विकत घेतला. तिथे दरवर्षी पाणी साचायचं, म्हणून तो कुणालाच नको होता. जमीनदाराच्या विधवेने तो या माणसाला विकून टाकला तो याला चार दिवसांत पश्चात्ताप होईल अशा खात्रीने. पणजोबा आणि पणजी दिवसभर दुसऱ्याकडे काम करून उरलेल्या वेळात चर खणत. दोघांनी मिळून ते पाणी ओढ्यात उतरवलं. मग शेजारचा तुकडा घेतला, मग त्याच्या शेजारचा. पणजोबांना वाचता येत नव्हतं. कचेरीतल्या कागदावर काय लिहिलंय ते कळायचं नाही आणि जे लिहिलंय ते उद्या तसंच राहील याचा भरवसा नव्हता. म्हणून पीक निघालं की ते पोरांना घेऊन बांधावरून फिरत. ओढ्याच्या वळणापासून स्वीटगमच्या झाडापर्यंत, झाडापासून पांढऱ्या दगडापर्यंत, दगडापासून जुन्या विहिरीपर्यंत आणि तिथून परत ओढ्याला. प्रत्येक ठिकाणी एकेका पोराने सांगायचं, हे कुणाकडून घेतलं, कसं घेतलं, शेजारी कोण. चुकलं तर सगळ्यांनी ओढ्यापासून पुन्हा चालायचं.

इतकं सांगून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता तू सांग."

मला हसू आलं. त्या हसत नव्हत्या. मग मी माझ्या इंग्रजीत, अडखळत, सांगायला लागले. विहीर आणि दगड यांची अदलाबदल झाली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि ओढ्यापासून सुरुवात करायला लावली. पूर्ण जमल्यावर कागदी पिशवीत भेंडी भरून दिली, वर मूठभर शेंगा घातल्या.

घरी आले तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, भेंडी आणायला एवढा वेळ? इंडियन स्टोअरमध्ये फ्रोजन मिळते की."

पुढच्या शनिवारी मी परत गेले. त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी आजोबांपर्यंत.

आमच्या घरात त्यांचं नाव 'शेतवाल्या बाई' असं पडलं, आणि मग नुसतं 'बाई'. ओळख वाढल्यावर त्यांनी मला शेतावर बोलावलं. आमच्या टाउनहाउसपासून फार लांब नव्हतं. हायवे सोडला की नव्या नव्या वसाहती, त्यांच्या कमानी, कमानींवर पूर्वी तोडलेल्या झाडांचीच नावं. त्यानंतर एकदम उघडी जमीन आणि तिच्या मध्यावर पांढरा रंग उडालेलं लाकडी घर. मी सहज म्हटलं, तुमची प्रॉपर्टी किती सुंदर आहे. बाईंचा चेहरा आवळला. "प्रॉपर्टी बँकेची असते," त्या म्हणाल्या. "ही होमप्लेस आहे." तो शब्द त्यांनी मला दोनदा म्हणायला लावला.

मेलेल्या माणसांविषयी त्या भूतकाळात बोलत नसत. त्यांचे वडील कधीच वारले होते, तरी बाई म्हणायच्या, "पपांना ही चवळी आवडत नाही, त्यांना काळ्या डोळ्याचीच लागते." आजीला अंगणात पाला पडलेला खपत नाही, म्हणून त्या रोज सकाळी अंगण झाडत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरात अजून कोणी म्हातारी माणसं आहेत असं वाटून मी हळू बोलायला लागले होते.

कावळ्यांना त्यांनी जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांची पदं बहाल केली होती. एक शेरीफ, एक टॅक्स कलेक्टर, एक न्यायाधीश. मका पेरला की बाई व्हरांड्यातून ओरडत, "टॅक्स कलेक्टर, तुझा हिस्सा घेऊन झाला, आता नीघ." रस्त्यावर त्यांचा ट्रक बैलगाडीच्या चालीने जाई. मागे ऑफिसला निघालेल्या गाड्यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे. मी एकदा शेजारी बसले होते तेव्हा लाजून खाली सरकले. त्या आरशात बघून म्हणाल्या, "हा रस्ता पपांच्या शेतातून गेलाय. त्यांना विचारून नाही गेला. मी जरा सावकाश गेले तर बिघडलं कुठे?"

गंमत एकीकडे, पण त्यांचा हट्ट गमतीचा नव्हता. आसपासच्या गावांत त्यांच्या लहानपणी काळ्या शेतमालकांची कितीतरी घरं होती, असं त्या सांगत. गाडीतून जाताना त्या बोट दाखवत: इथे अमुक कुटुंब, त्यांची तंबाखू सगळ्यांत उंच, इथे दोघी बहिणी, लग्न न करता दोघींनीच शेत चालवलं, इथे तो माणूस, ज्याच्या खेचराला गाणं ऐकल्याशिवाय चालता येत नसे. मी बघायचे तर तिथे औषधांचं दुकान, तिथे पेट्रोल पंप, तिथे कराटेचा क्लास. मला त्या माणसांचीही गोष्ट पाठ करावी लागली. का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या की त्या घरांतली पोरं उत्तरेला गेली, परत आली नाहीत. आता सांगणारं कुणी नाही, आणि म्हणून ते काम त्यांच्याकडे आलंय.

माझ्या सासूबाई त्या उन्हाळ्यात नाशिकहून आल्या. मी त्यांना आई म्हणते. टाउनहाउसमध्ये खिडकीशी बसून त्या कंटाळून गेल्या होत्या. मी त्यांना बाईंकडे नेलं. गाडीतून उतरल्या उतरल्या आईंची नजर कपाशीच्या कडेला माजलेल्या तणाकडे गेली. "अगं, हा तर माठ," असं म्हणून त्या पदर खोचून खाली बसल्या आणि कोवळे शेंडे खुडायला लागल्या. बाई व्हरांड्यातून बघत होत्या. मला म्हणाल्या, या तणाने माझ्या वडिलांची कंबर मोडली, मी जन्मभर त्याच्याशी भांडतेय, आणि ही बाई ते जेवायला घेऊन चालली आहे. त्या इतक्या हसल्या की त्यांना हॅट काढावी लागली. ती काढलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. केस अगदी बारीक कापलेले, शुभ्र.

आईंना इंग्रजी येत नाही. पण खुर्चीतून सुटका कुणाचीच नव्हती. बाईंनी त्यांना अख्खी गोष्ट सांगितली, मी मध्ये मध्ये मराठीत सांगत गेले. ती संपल्यावर बाई आईंकडे बघून म्हणाल्या, "आता तू सांग, बेबी." आईंपेक्षा त्या फार तर दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी मला गप्प केलं. मग आईंनी मराठीत सुरू केलं. "म्हणजे बघा, यांचे पणजोबा होते ते आधी दुसऱ्याच्या बंधनात होते. मग सुटले. मग दोघा नवराबायकोने चर खणले." हातवारे करत, ओढा, झाड, दगड दाखवत त्या सांगत होत्या. बाई डोळे बारीक करून त्यांच्या हातांकडे बघत होत्या. विहिरीच्या जागी आईंनी हात डावीकडे केला तशा त्या पुढे झुकल्या, आईंचं मनगट धरलं आणि उजवीकडे वळवलं. आई म्हणाल्या, "हां हां, तिकडे." आणि पुढे सांगत राहिल्या.

परतताना आई म्हणाल्या, "एवढं राखायचं म्हणजे माणूस जरा वेडंच पाहिजे."

एकदा एका कॉलेजातून दोघं जण आले होते. काळ्या शेतमालकांच्या आठवणी जमवण्याचं काम चाललं होतं त्यांचं. कॅमेरा, दिवे, कॉलरला लावायचा छोटा माइक असं सगळं आणलं होतं. मुलगी मनापासून काम करणारी होती, तिच्या आईकडची माणसंही कधीकाळी शेतकरीच होती. बाईंनी त्यांना चहा दिला, केक दिला, आणि कॅमेरा व्हरांड्याबाहेर ठेवायला सांगितलं. यंत्रात घातलेली गोष्ट माणसं पुन्हा काढून ऐकत नाहीत, असं त्यांचं मत होतं. "आता ती आपल्याकडे आहे असं म्हणून विसरून जातात," त्या म्हणाल्या. मुलीने खूप समजावलं. शेवटी ती खुर्चीत बसली आणि तिने गोष्ट ऐकून परत सांगितली. पहिल्याच खेपेला बरोबर सांगितली. बाईंनी तिला रताळ्यांची पिशवी दिली, गाडीपर्यंत पोचवायला गेल्या. ती गेल्यावर मात्र मला म्हणाल्या, "हिच्यासारखी माझी पोर असती तर."

त्यांची पोर होती. एकुलती एक मुलगी, जवळच राले शहरात एका हॉस्पिटलात मोठ्या हुद्द्यावर होती. अधूनमधून रविवारी येई, आईचं औषध बघे, फ्रीज भरून जाई. बाई तिला गोष्ट सांगायला लागल्या की तिचा फोन वाजे. मी तिला दोन-तीनदा भेटले होते. एकदा निघताना ती मला हळूच म्हणाली की लहानपणी दर वर्षी त्या बांधावरून चालून चालून तिचे पाय सोलवटले होते आणि तिने तेव्हाच ठरवलं होतं, आपण डांबरी रस्त्याच्या माणसांत राहायचं. त्यात तिचा राग नव्हता. ती दमलेली दिसत होती.

मग कोर्टाचं प्रकरण निघालं.

पणजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. आजोबांनी केलं नाही, वडिलांनीही नाही. कचेरीत जायचं नाही हा घराण्याचा नियमच होता. त्यामुळे जमीन कायद्याने सगळ्या वंशजांची सामायिक राहिली. सामायिक सातबारा काय असतो ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे त्यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेले मी पाहिले आहेत. पण इथला पुढचा भाग मला माहीत नव्हता. डेट्रॉइटला गेलेल्या एका चुलत आजोबांच्या नातवाने, ज्याने हे शेत कधी पाहिलंही नव्हतं, आपला छोटासा हिस्सा एका बांधकाम कंपनीला विकून टाकला. एकदा हिस्सेदार झाल्यावर कंपनी कोर्टात गेली. म्हणाली, आम्हाला आमचा वाटा वेगळा हवा. कोर्टाने पाहिलं तर वारस सगळीकडे विखुरलेले, प्रत्येकाचा वाटा काढत बसलं तर कुणाच्याच हाती धड काही लागणार नाही. मग आदेश निघाला की सगळीच जमीन लिलावात काढा आणि पैसे वाटा.

बाई कर भरत होत्या, पेरत होत्या, छप्पर दुरुस्त करत होत्या. कोर्टाच्या हिशेबात त्याही एक हिस्सेदारच.

त्या हिवाळ्यात त्या त्यांच्या वकिलाकडे जात आणि मी ड्राइव्ह करी, कारण त्यांच्या चालीने गेलो असतो तर कचेरी बंद झाली असती. वकील भला माणूस होता. तो त्यांना सांगे की मॅम, पणजोबांचं लग्न, आजोबांचा जन्म, यांचे पुरावे लागतील. बाई म्हणायच्या, मी सांगते ना. आणि खुर्चीत सरसावून बसून सुरुवात करायच्या. तो थांबवत नसे. ऐकून घेई. मग मला बाहेर येऊन म्हणे की हे कोर्टात चालत नाही, याला ऐकीव म्हणतात.

चर्चच्या लोकांनी जमतील तेवढे पैसे उभे केले. कॉलेजच्या त्या मुलीने वर्तमानपत्रात लिहिलं. मीही इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या लोकांना सांगून पाहिलं. सगळ्यांना वाईट वाटलं.

लिलाव कोर्टाच्या दाराशी झाला. ढगाळ दुपार होती. मला वाटलं होतं गर्दी असेल, तर जेमतेम मूठभर माणसं. कोर्टाने नेमलेला एक अधिकारी हातात फाइल घेऊन उभा, कंपनीचा एक तरुण निळ्या जॅकेटात, चर्चमधल्या चार बायका, बाईंची मुलगी हॉस्पिटलच्याच कपड्यांत, मी, आणि एक म्हातारा गोरा शेतकरी. तो बाईंचा पलीकडचा शेजारी. त्याच्या आणि बाईंच्या घराण्यात बोलणं असं कधी नव्हतंच, कुंपणावरून हात हलवण्याइतकंच.

अधिकाऱ्याने जमिनीचं वर्णन वाचायला घेतलं. बाई पुढे झाल्या. चर्चला जायचे बूट घातले होते. त्या म्हणाल्या की हे वर्णन बरोबर नाही, मला सांगू द्या. अधिकारी गोंधळला. मग त्याने फाइल मिटली आणि म्हणाला, "सांगा, मॅम."

त्यांनी सांगितलं. ओढ्यापासून ओढ्यापर्यंत. नेहमी सांगत तसंच, घाई न करता. रस्त्यावरून गाड्या जात होत्या तेव्हा थांबत, मग पुढे सांगत. संपल्यावर त्या जमलेल्या माणसांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आता तुमच्यापैकी ज्याला घ्यायची आहे त्याने सांगा."

निळ्या जॅकेटातला मुलगा बुटांकडे बघायला लागला. वाईट नव्हता तो. नोकरीवर आला होता. मला वाटलं, आपण बोलावं, मला तर पाठच होतं. पण त्यांनी मला विचारलं नव्हतं. तेवढ्यात त्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने टोपी काढली. खाकरला. आणि सांगायला लागला. "तुझ्या पणजोबांनी ओढ्याकाठचा तुकडा घेतला. तिथे पाणी साचायचं. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने चर खणले. माझे आजोबा सांगायचे, आमच्या घरून ते खणण्याचा आवाज ऐकू यायचा." स्वीटगमपर्यंत तो आला आणि तिथेच थांबला. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत कुंपणापलीकडेही ती गोष्ट आहे हे त्यांना माहीत नव्हतं, असं मला वाटतं.

मग बोली झाली. चर्चचं बळ सुरुवातीलाच संपलं. फार वेळ लागला नाही.

घर रिकामं करताना मी होते. बाईंनी फारसं काही नेलं नाही. हॅट घातलेलीच होती. खुर्च्या नेऊ का, असं मुलीने विचारलं, तर म्हणाल्या, राहू देत, बसायला लागतील कुणाला. निघताना त्यांनी अंगण झाडलं. मुलगी गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं टेकून होती. मी झाडू मागितला, तो त्यांनी दिला नाही.

त्या रालेला मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या. मी महिन्यातून एखाद्या वेळी जात असे. बाल्कनीत कुंड्या होत्या, त्यांत मुलीने हौसेने भेंडी लावली होती. बाई तिकडे ढुंकूनही बघत नसत. कावळा आला तर बघत, पण त्याला हाक मारत नसत. हळूहळू बोलण्यात गोष्टी सरकायला लागल्या. मी कोण ते कधी आठवे, कधी नाही. मला त्या कॉलेजची मुलगी समजत आणि तुझा कॅमेरा कुठाय, असं विचारत.

एका दुपारी त्या बऱ्या दिसल्या. मी गेल्या गेल्या म्हणाल्या, बस. आणि गोष्ट सांगायला लागल्या. मला इतकं बरं वाटलं. पण ओढ्याचे चर त्यांच्या वडिलांनी खणले, असं त्या म्हणाल्या, आणि विहीर स्वीटगमच्या आधी आली. मी म्हटलं, "पणजोबांनी खणले, मॅम. आणि पणजींनी."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला येते? मग सांग की."

मी सांगितली. माझं इंग्रजी एव्हाना सुधारलं होतं, तरी मी त्यांच्याच शब्दांत सांगत होते. कुठे थांबायचं ते मला माहीत होतं. त्या हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या, पहिल्यांदा ऐकल्यासारख्या. वखारीतल्या कामाला त्यांनी मान हलवली, चर खणण्याला "अरे देवा" म्हणाल्या, पोरांना पुन्हा ओढ्यापासून चालवतात तिथे हसल्या.

"चांगली माणसं," त्या म्हणाल्या. "मग? जमीन आहे ना अजून त्यांच्याकडे?"

स्वयंपाकघरात मुलगी भांडी विसळत होती. नळ बंद झाला.

मी म्हटलं, "हो, मॅम. आहे."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

मुलगी मला लिफ्टपर्यंत सोडायला आली. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं. ती म्हणाली, "थँक यू." तिला अजून काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात शेजारचे कोणी आले.

त्या गेल्या ते वसंतात. त्यांना कुठे पुरायचं हा प्रश्न नव्हता. लिलावातून एक तुकडा वगळलेला होता: घराण्याचं स्मशान, ओढ्याच्या वरच्या अंगाला. कायद्याने कंपनीला ते मोडता आलं नव्हतं. बाकी सगळीकडे आता टाउनहाउसेस उभी होती, आमच्या घरांसारखीच, करड्या रंगाची, प्रत्येकाला दोन गाड्यांचं गॅरेज. मधोमध काळं लोखंडी कुंपण आणि आत थडगी. शववाहिनीला वळायला जागा हवी म्हणून वसाहतीतल्या लोकांना रस्त्यावरच्या गाड्या हलवायला सांगितलं होतं. त्यांनी हलवल्या. काही जण दारात येऊन उभे राहिले. बहुतेक आपलेच लोक. एका काकांनी, मुलाकडे राहायला आलेले असावेत, पायांतल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

पाळकांनी प्रार्थना केली, चर्चच्या बायकांनी गाणं म्हटलं. तो म्हातारा शेजारी आता हयात नव्हता. त्याचीही जमीन विकली गेली होती असं कुणीतरी म्हणालं. माती लोटून झाल्यावर माणसं पांगली. मुलगी तिथेच उभी होती. मी निरोप घ्यायला जवळ गेले तर तिने माझा दंड धरला.

"ते सगळं कुठून कुठपर्यंत होतं?" तिने विचारलं. "लहानपणी मी हजार वेळा चालले असेन. आता मला काही ओळखू येत नाही."

आम्ही चालायला लागलो. तिने काळा पोशाख आणि उंच टाचांचे बूट घातले होते, माझ्या अंगावर सुती साडी होती. फुटपाथवरून, गॅरेजांच्या समोरून, पोरांच्या सायकली चुकवत. ओढ्याच्या वळणावर आता जाळीचं कुंपण होतं. स्वीटगम नव्हतं, तिथे टपालाच्या पेट्या होत्या. मी सांगत होते, ती ऐकत होती. मध्येच तिने एकदा विचारलं, "इथे पांढरा दगड ना?" आणि तो होता तिथेच ती उभी होती. तिने खाली पाहिलं. गवत होतं.

विहिरीच्या अंगाला एक तरुण घरासमोरच्या रोपांना पाणी घालत होता. मंडळाच्या गणपतीत पाहिलेला चेहरा. मला बघून त्याने ओळखीचं हसून नळी खाली केली.

"घर बघायला आलात का?" त्याने मराठीत विचारलं. "आता फार राहिली नाहीत. पण स्कूल्स एकदम मस्त आहेत इकडच्या."

मी म्हटलं, "नाही. या इथल्याच आहेत."

"अच्छा?" तो म्हणाला, आणि तिच्याकडे वळून अदबीने इंग्रजीत विचारलं, कुठलं युनिट.

तिने हात वर केला आणि घरांच्या मधून दिसणाऱ्या काळ्या कुंपणाकडे बोट दाखवलं. त्याला उन्हामुळे नीट दिसलं नसावं.

"नाइस," तो म्हणाला. "ती बाजू शांत आहे."

"हो," ती म्हणाली.